अकारविल्हे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कवितेवर बोलेल म्हणून बोलावलेला माणूस संगणकाच्या कोडवर बोलायला लागला, तर तुम्हाला वाटेल, याचं आज काही तरी बिनसलंय. तसं काही नाही. विषय माझ्याच धंद्यातला आहे. मी इचलकरंजीतल्या एका वाचनालयात अठ्ठावीस वर्षं कारकुनी केली. पुस्तक आलं की नोंदवायचं, त्याचं कार्ड लिहायचं, ते कार्ड खणात क्रमाने लावायचं. हा झाला पोटाचा उद्योग. कविता हा दुसरा. आणि दोन्ही उद्योगांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो : कशाच्या आधी काय ठेवायचं?

मागच्या एका रमजानमध्ये माझी थोरली मुलगी पुण्याहून घरी आली होती. ती एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. हल्ली तिचं ऑफिस लॅपटॉपमध्येच असतं, त्यामुळे महिनाभर तिने घरूनच काम केलं. एके दिवशी इफ्तारला अर्धा तास उरला होता. मी फळं चिरत बसलो होतो आणि ती फोनवर कुणाला तरी सांगत होती, ‘‘आधी इम्पोर्ट सॉर्ट करून घे. नाही तर लिंटर पुढे जाऊ देणार नाही.’’

‘सॉर्ट’ हा शब्द ऐकला आणि माझे कान टवकारले. तिने फोन ठेवल्यावर मी विचारलं, ‘‘काय सॉर्ट करायला सांगत होतीस गं?’’

‘‘अब्बा, ते कोडमधलं आहे. तुम्हाला कंटाळा येईल.’’

‘‘अगं, आयुष्यभर मी दुसरं काय केलं?’’

ती हसली. त्यानंतरच्या तीन-चार संध्याकाळी शेजारी बसून तिने मला जे समजावून दिलं, ते मी आज तुमच्यापुढे ठेवणार आहे. त्यात तिची एक चूक आहे आणि माझी एक. माझी मोठी आहे.

आधी ‘इम्पोर्ट’ म्हणजे काय ते सांगतो. लग्नघरी आचारी येतो. चूल पेटवण्याआधी तो यादी देतो. घरात काय काय आहे, बाजारातून किंवा भाड्याने काय आणायचं, आणि तो स्वतःबरोबर काय आणणार आहे, उदाहरणार्थ त्याने स्वतः कुटलेला मसाला. प्रोग्रॅम लिहिणाराही फाइलच्या अगदी डोक्यावर अशीच यादी देतो. मला तारखेचा हिशेब करायचा आहे, तेव्हा ‘डेटटाइम’ आण. मला इंटरनेटवरून माहिती मागवायची आहे, तेव्हा ‘रिक्वेस्ट्स’ आण. प्रत्येक गोष्ट नव्याने लिहीत बसण्यापेक्षा आधी कुणी तरी लिहून ठेवलेलं सामान मागवायचं. त्या प्रत्येक सामानाच्या पेटीला मॉड्यूल म्हणतात आणि ती मागवणाऱ्या ओळीला इम्पोर्ट.

माझी मुलगी पायथन नावाच्या भाषेत काम करते. या भाषेत कोड कसा लिहावा, याचं एक शिस्तीचं पत्रक आहे. २००१ साली ते निघालं. भाषेचे जनक गिडो व्हान रॉसम हे त्याच्या लेखकांपैकी एक. त्याला ‘पेप-८’ म्हणतात. त्यात सांगितलंय की इम्पोर्ट फाइलच्या सुरुवातीला असावेत आणि त्यांचे तीन गट करावेत. पहिला गट भाषेबरोबरच येणाऱ्या सामानाचा, दुसरा बाहेरच्या लोकांनी तयार केलेल्या सामानाचा, तिसरा आपल्या स्वतःच्या प्रकल्पातल्या सामानाचा. दोन गटांमध्ये एक ओळ कोरी सोडायची. म्हणजे आपल्या आचाऱ्याचीच यादी. घरातलं, बाजारातलं, स्वतःचं.

पण गटाच्या आत कुणी कुणाच्या आधी यायचं, हे काही त्या पत्रकात सांगितलेलं नाही. आणि जिथे नियम नाही, तिथे माणसं आपापले नियम करतात. कुणी नवी ओळ नेहमी शेवटी टाकतो. कुणी नेहमी वर टाकतो. कुणाला लहान ओळी आधी आणि लांब ओळी नंतर आवडतात, उतरत्या जिन्यासारख्या. मग एकाने लावलेलं दुसरा हलवतो आणि तिसरा पूर्ववत करतो. मुलगी म्हणाली, ‘‘अब्बा, एकमेकांचा कोड तपासताना आमची शिकलेली, चांगल्या पगाराची माणसं यावर वाद घालतात.’’

मला नवल वाटलं नाही. मी कविसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिका छापून घेतल्या आहेत. कुणाचं नाव कुणाच्या वर, यावरून आमच्या गावातल्या दोन ज्येष्ठ कवींनी चार वर्षं एकमेकांशी अबोला धरला होता. शेवटी प्रेसच्या मालकांनीच तोडगा काढला. पत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरात दोन शब्द छापले : ‘नावे अकारविल्हे’. भांडण मिटलं. कारण आता क्रम कुणी लावला? कुणीच नाही. अक्षरांनी लावला. अक्षरांवर रुसून करणार काय?

मुलीच्या ऑफिसात हे काम एक प्रोग्रॅम करतो. त्याच्या जातीला ‘लिंटर’ म्हणतात. हा शब्द मात्र मी तिला समजावून दिला, कारण तिला त्याची ओळख फक्त पडद्यावरची होती. माझे वडील यंत्रमागावर काम करायचे. पाळी संपवून घरी आले की त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. सुताचे बारीक तंतू कारखान्यात हवेत तरंगतात, केसांवर, पापण्यांवर बसतात. अम्मी त्यांना आधी अंगणात झटकायची आणि मगच उंबऱ्याच्या आत घ्यायची. त्या तंतूंना इंग्रजीत ‘लिंट’ म्हणतात. १९७८ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी एक प्रोग्रॅम लिहिला. ‘सी’ भाषेतला कोड चालतो तर आहे, पण त्यावर संशयास्पद असं काय काय चिकटलंय, ते तो दाखवायचा. त्याचं नाव त्यांनी ‘लिंट’ ठेवलं. कापड ठीक आहे, पण अंगावर तंतू आहेत, ते झटका, असं सांगणारा. पुढे तशा सगळ्याच प्रोग्रॅमना लिंटर म्हणायला लागले. मुलगी हे ऐकून थोडा वेळ गप्प बसली. तिला आजोबांच्या भुवया आठवत होत्या.

इम्पोर्ट लावून देणारं पायथनमधलं प्रसिद्ध हत्यार म्हणजे ‘आयसॉर्ट’. टिमथी क्रॉस्ली नावाच्या प्रोग्रॅमरने ते २०१३ साली आणलं. नंतर २०२२ मध्ये ‘रफ’ नावाचं फार वेगवान हत्यार आलं, तेही हे काम करतं. गूगलच्या ‘गो’ भाषेत तर कोड नीटनेटका करणारं हत्यार भाषेबरोबरच मिळतं आणि इम्पोर्टच्या ओळी तेच क्रमाने लावून टाकतं.

तिने मला करून दाखवलं. एका फाइलच्या डोक्यावर दहा-बारा ओळी वाटेल तशा पडल्या होत्या. तिने एक आज्ञा दिली. डोळ्याचं पातं लवायच्या आत तीन गट झाले, मध्ये कोऱ्या ओळी आल्या आणि प्रत्येक गट इंग्रजी वर्णक्रमाने लागला. डेटटाइम, जेसन, ओएस, सिस. एकाच मॉड्यूलमधून दोन ठिकाणी मागवलेल्या गोष्टी एका ओळीत एकत्र आल्या. मी वाचनालयात नव्या कारकुनाला एक खण कार्डं लावायला द्यायचो, तर त्याची दुपार जायची.

‘‘याचा उपयोग काय?’’ मी विचारलं. ‘‘दिसायला छान, एवढंच?’’

तिने तीन उपयोग सांगितले. एक, शोधणं सोपं. एखादं मॉड्यूल मागवलंय का, हे बघायला नजर कुठे टाकायची ते ठरलेलं असतं. दोन, एकच गोष्ट दोनदा मागवली असेल तर दोन्ही ओळी शेजारीशेजारी येतात आणि चोरी पकडली जाते. तिसरा उपयोग मला फार आवडला. दोन माणसं एकाच फाइलवर आपापल्या जागी काम करत असतात. दोघांनीही आपापली नवी ओळ यादीच्या शेवटी टाकली, तर नंतर दोघांचं काम एकत्र करताना टक्कर होते. संगणक विचारतो, या जागी याची ओळ ठेवू की त्याची? पण ओळी वर्णक्रमाने बसत असतील, तर एकाची ओळ ‘सी’पाशी जाते, दुसऱ्याची ‘आर’पाशी, आणि बहुतेक वेळा दोघांची गाठच पडत नाही.

हे सगळं माणसाने लक्षात ठेवायचं नसतं. काम जमा करण्याच्या क्षणी लिंटर आपोआप चालतो. ओळी वेड्यावाकड्या असतील तर तो लावून देतो, किंवा नुसताच अडवतो आणि म्हणतो, आधी नीट करून आण. वाद घालायला समोर माणूसच नसतो.

आता श्रोतेहो, मी अकारविल्हे यादीत राहिलेला माणूस आहे, म्हणून थोडी तक्रारही करतो. माझं आडनाव शेख. मराठी वर्णमालेत ‘श’ यायला किती उशीर लागतो, हे तुम्हाला माहीत आहे. जिथे जिथे कवींना नावांच्या क्रमाने वाचायला बोलावलं, तिथे माझी पाळी येईपर्यंत श्रोते शेवटची एसटी गाठायला निघालेले असतात. अक्षरांना राग-लोभ नाही हे खरं. पण म्हणून ती सगळ्यांना सारखंच वागवतात असं नाही.

आणि अक्षरांचा क्रम तरी एकच कुठे आहे? संगणकाच्या पोटात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. इंग्रजी मोठ्या ‘झेड’चा क्रमांक ९० आणि लहान ‘ए’चा ९७. म्हणजे नुसत्या क्रमांकांवर सोडलं, तर मोठ्या लिपीतला ‘झेड’ लहान ‘ए’च्या आधी येऊन बसतो. दहा आणि दोन हे आकडे अक्षरं समजून लावले, तर दहा आधी येतात, कारण एक हा दोनच्या आधी. आपल्या मराठीत तर आणखी गंमत. युनिकोडमध्ये ‘ळ’ला जागा मिळाली ती ‘ल’च्या लगेच पुढे, ‘व’च्या आधी. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’च्याही नंतर. तेव्हा संगणकाने आपोआप लावलं म्हणजे ते आपल्या क्रमाने लागलं, असं समजू नये. कोणता क्रम, हे आधी कुणा माणसाने ठरवलेलं असतं. हा ‘ळ’ लक्षात ठेवा. पुढे तो परत येणार आहे.

आता मुलीची चूक.

नोकरीला लागून तिला जेमतेम वर्ष झालं होतं. काम होतं दवाखान्यांसाठी. रुग्णाने डॉक्टरांची वेळ घेतली की आदल्या दिवशी त्याच्या मोबाइलवर आठवणीचा संदेश जायचा : उद्या अमुक वाजता यावे. प्रकल्प जुना होता, फाइली शंभराच्या वर होत्या. पोरीला उत्साह. एका संध्याकाळी तिने दुसरी एक दुरुस्ती करता करता सगळ्या फाइलींवर आयसॉर्ट चालवलं. सगळे इम्पोर्ट चकाचक. बदललेल्या ओळी शेकड्यांनी. तपासणाऱ्याने पहिली पाच-पंचवीस पानं पाहिली, सगळीकडे नुसत्या ओळी वरखाली झालेल्या, म्हणून पुढचं भरभर खाली सरकवलं आणि ‘ठीक’ म्हणून टाकलं. तिच्या लॅपटॉपवर सगळ्या चाचण्या पास झाल्या.

त्या फाइलींपैकी एकीत, सगळ्यांत वर, एक ओळ होती. त्यांच्याच प्रकल्पातलं एक छोटं मॉड्यूल ती मागवत होती. म्हणजे शिस्तीप्रमाणे तिची जागा तिसऱ्या गटात, शेवटी. पण कुणी तरी तिला पहिल्या ओळीवर ठेवलं होतं, बाजारातल्या सामानाच्याही आधी. आयसॉर्टने तिला उचललं आणि तिच्या गटात, खाली नेऊन बसवलं.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. इम्पोर्ट म्हणजे नुसतं नाव घेणं नव्हे. पायथनमध्ये एखादं मॉड्यूल पहिल्यांदा मागवलं, की त्याच्या आत लिहिलेला कोड त्याच वेळी चालतो. ते छोटं मॉड्यूल चाललं की काय करायचं? ते सांगायचं : आपली वेळ भारताची धरा. आणि त्याच्यानंतर मागवलेलं एक बाहेरचं मॉड्यूल स्वतः चालता चालता विचारायचं : वेळ कुठली धरू? आतापर्यंत सांगणारा आधी येत होता आणि विचारणारा नंतर. आता विचारणारा आधी आला. उत्तर द्यायला कुणी नव्हतं, म्हणून त्याने यंत्राची वेळ धरली. मुलीचा लॅपटॉप पुण्यातला, त्यावर भारताचीच वेळ, म्हणून तिच्याकडे काहीच बिघडलं नाही. कंपनीच्या सर्व्हरवर जागतिक प्रमाणवेळ होती, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे.

दुसऱ्या दिवशी संदेश गेले. ज्यांची वेळ सकाळी दहाची होती, त्यांना गेलं, सकाळी साडेचारला यावे. ते लोक हसले, दवाखान्यात फोन केले, त्यांचं काही अडलं नाही. पण ज्यांची वेळ साडेअकराची होती, त्यांना गेलं, सकाळी सहाला यावे. सहा ही वेळ कुणाला खोटी वाटत नाही. ती माणसं आली. त्यात एक वृद्ध गृहस्थ होते, रक्त तपासायचं म्हणून रात्रीपासून उपाशी. थंडीचे दिवस. दवाखान्याचं दार बंद. ते पायरीवर बसून राहिले. साफसफाई करणाऱ्या बाईंनी त्यांना आत घेतलं, तोवर सात वाजून गेले होते.

मुलगी हे सांगत होती तेव्हा तिचा आवाज बदलला होता. ‘‘अब्बा, कुणी मला ओरडलं नाही. आमच्या मॅडमनी एवढंच विचारलं, ती ओळ वर का होती हे तुला माहीत होतं का? मी म्हणाले, नाही. त्या म्हणाल्या, चूक तुझी एकटीची नाही. ज्याने ती वर ठेवली, त्याला कारण माहीत होतं. त्याने ते लिहिलं नाही.’’

आयसॉर्टमध्ये याची सोय आहे. ज्या ओळीला हात लावायचा नाही, तिच्या शेवटी टीप म्हणून ‘आयसॉर्ट, हिला सोड’ अशा अर्थाची खूण करता येते. फाइलचा एखादा भागही असा वगळता येतो. जावास्क्रिप्टच्या जगात तर अशी ओळ पाहताच ओळखू येते. जे मॉड्यूल फक्त परिणामासाठी आणलंय, त्याच्या ओळीत नावं घेतलेली नसतात, आणि तिथली काही हत्यारं अशा ओळी आपापसात आहे त्याच क्रमाने ठेवतात. पायथनमध्ये मात्र चेहऱ्यावरून काही कळत नाही. सगळ्या ओळी दिसायला सारख्याच. नुसतं मागवलेलं सामान कोणतं आणि आल्याआल्या घरात काही बदलून टाकणारं कोणतं, हे हत्याराला कळायला मार्ग नाही. ते माणसानेच सांगावं लागतं.

मॅडमनी तिच्याकडून तीन गोष्टी करून घेतल्या. त्या दिवशी ओळ परत वर नेली, खूण केली आणि खुणेशेजारी कारण लिहायला लावलं : हिच्यामुळे वेळ भारताची धरली जाते, ही आधीच हवी. आठवडाभराने दुसरी गोष्ट. जिथे जिथे वेळ वापरली जाते, तिथे तिथे ती भारताची आहे असं स्पष्ट लिहिलं, म्हणजे कुठली ओळ आधी आणि कुठली नंतर याने फरकच पडू नये. मग ती खूणही काढून टाकली. तिसरा एक नियम झाला : झाडलोट आणि दुरुस्ती एकाच गाठोड्यात बांधायची नाही. ओळी लावायच्या असतील तर त्या दिवशी तेवढंच करायचं, म्हणजे तपासणाऱ्याला नक्की काय बदललं ते दिसेल.

मी म्हणालो, ‘‘म्हणजे ते आयसॉर्ट बंद केलं असेल तुम्ही.’’

‘‘छे! उलट पक्कं केलं. अब्बा, दोष लावण्याचा नव्हता. आमचा कोड क्रमावर गुपचूप विसंबून होता. आयसॉर्टने ते उघडं पाडलं.’’

मला तिचं पटलं. पण पूर्ण नाही. कारण काही ठिकाणी क्रमावर विसंबणं हा दोष नसतो, तो अर्थ असतो. मुशायऱ्यात शमा आधी नवख्या शायरापुढे येते आणि उस्तादापुढे शेवटी. तिथे कुणी ‘नावे अकारविल्हे’ म्हणून बघावं! आमच्या इचलकरंजीत वहिफणीचं काम करणारे कामगार आहेत. ताण्याचा एकेक धागा वहीच्या डोळ्यातून आणि फणीच्या दातातून ओवतात. हजारो धागे. कुठल्या धाग्यानंतर कुठला, यावर कापडाची वीण ठरते. तो क्रम मोडला तर माग चालतो, कापडही निघतं, पण ते ठरलेलं कापड नसतं.

असं मी तिला सांगत होतो आणि सांगता सांगता थांबलो. कारण मला माझी गोष्ट आठवली.

माझा एक मित्र होता. यंत्रमागावर जॉबर होता आणि फार चांगला कवी होता. २०१४ साली तो गेला. वहिनींनी त्याच्या कवितांचं गाठोडं माझ्याकडे दिलं. सुट्या कागदांवर बासष्ट कविता, सुताने बांधलेल्या. ‘‘भाऊजी, पुस्तक करा,’’ म्हणाल्या. मी मन लावून काम केलं. एकेक कविता स्वतः टंकली. कागदांवर ना तारखा, ना आकडे. मी वाचनालयातला माणूस, मला शिस्त हवी. मी संगणकाला सांगितलं, शीर्षकं अकारविल्हे लाव. त्याने लावली : काठ, काळ, काहूर. मी म्हटलं, चुकलं! आपला ‘ळ’ ‘ह’च्या नंतर. मी हाताने दुरुस्त केलं : काठ, काहूर, काळ. त्या दुरुस्तीचा मला केवढा अभिमान वाटला होता, काय सांगू! मग मूळ कागदही त्याच क्रमाने लावले आणि नव्या फाइलमध्ये घातले. सूत फेकून दिलं.

पुस्तक झालं. प्रकाशनाच्या दिवशी वहिनींनी पहिलं पान उघडलं आणि म्हणाल्या, ‘‘ही पहिली नव्हती.’’

मी म्हटलं, ‘‘म्हणजे?’’

‘‘आजारात ते रोज रात्री कागद गादीवर पसरून लावायचे. वाचून दाखवायचे, पुन्हा बदलायचे. शेवटी एके दिवशी म्हणाले, आता लागलं. मग मीच सुताने बांधलं.’’

त्यांना पहिली कोणती ते आठवत होतं. शेवटची कोणती तेही. मधल्या साठ कविता कशामागून कशा होत्या, ते त्यांना सांगता येईना. आणि मला तर मुळीच नाही, कारण क्रम हा सुद्धा त्याने लिहिलेला मजकूर आहे हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला ते लावायचे राहिलेले कागद वाटले.

मुलीला हे सांगितलं. तिने पटकन विचारलं, ‘‘जुनी आवृत्ती नव्हती ठेवली?’’ त्यांच्याकडे प्रत्येक बदलाआधीचं रूप जपलेलं असतं. चूक कळली की मागे जाता येतं. वृद्ध गृहस्थांचा तो तास तिला परत देता आला नाही, पण ओळ तरी दहा मिनिटांत जागेवर नेता आली. माझ्याकडे एक सुताचा तुकडा होता, तोही मी टाकला होता.

मग तीच म्हणाली, ‘‘अब्बा, क्रम परत नाही आणता येणार. पण टीप तर लिहिता येईल.’’

त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती त्यानंतर निघाली. वहिनींनी सांगितलेली पहिली कविता आता पहिली आहे, शेवटची शेवटी आहे. आणि सुरुवातीच्या पानावर मी लिहिलंय : ‘कवीने या कविता स्वतः एका क्रमाने लावल्या होत्या. तो क्रम संपादकाच्या हातून मोडला. मधल्या साठ कवितांचा आताचा क्रम अक्षरांचा आहे, कवीचा नाही.’ प्रूफ पाहताना प्रकाशक म्हणाले, एवढं स्वतःवर कशाला घेता, कुणाला कळणार आहे? मी म्हटलं, राहू द्या. पुढे कुणी अभ्यासक येईल आणि काहूरनंतर काळ का, यावर चार पानं लिहील. त्याला सकाळी सहाला दारात बसवायचं नाही.

वाचनालयात हल्ली नवी मुलं काम करतात. देणगीत कुणाच्या घरची पुस्तकं आली की ती लगेच क्रमाने लावायला धावतात. मी सेवेत नाही, पण जाता-येता डोकावतो. त्यांना एवढंच सांगतो, आधी आहे तसा एक फोटो काढा. मग खुशाल लावा, अकारविल्हे.